शेतातल्या क्वाड बाइकला पासिंग लागते का? मध्ये सव्वा किलोमीटर डांबरी रस्ता आहे

वेरूळ परिसर (प्रश्नकर्ता)

नमस्कार मंडळी. खुलताबाद तालुक्यात आमची सात एकर जमीन असून गेल्या तीन वर्षांपासून आम्ही तेथे लहानसे कृषी पर्यटन केंद्र चालवतो. जमीन एका पट्ट्यात नाही, हीच अडचण आहे. सीताफळाची बाग आणि मुक्कामाच्या खोल्या असलेले साडेचार एकर गावाकडे आहेत, उरलेले अडीच एकर डोंगराच्या पायथ्याशी आहेत, आणि दोन्हींच्या मध्ये जिल्हा मार्गाचा सुमारे सव्वा किलोमीटरचा तुकडा येतो.

मागच्या दिवाळीत मी एका व्यावसायिकाकडून जुनी क्वाड बाइक विकत घेतली. तिला चार जाड टायर, मोटारसायकलसारखे हँडल आणि २५० सीसीचे इंजिन आहे. पावतीच्या तळाशी ‘फक्त रस्त्याबाहेरील वापरासाठी’ असा शिक्का आहे. विकणाऱ्याने मला खात्रीने सांगितले, की ही शेतीच्या कामाची गाडी असल्यामुळे तिला पासिंगची गरज नाही आणि एका शेतातून दुसऱ्या शेतात जाताना रस्ता लागला तरी हरकत नाही. त्या भरवशावर मी पाहुण्यांना बसवून डोंगराकडच्या तुकड्यापर्यंत नेत होतो. गेल्या शनिवारी मात्र रस्त्यावर एका वाहतूक अंमलदारांनी थांबवून नंबर विचारला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि या वेळी सोडतो, पुन्हा दिसली तर उचलून नेऊ, अशी समज दिली.

अमेरिकेत असलेले माझे मेहुणे तिकडच्या शेतकऱ्यांचे व्हिडिओ पाठवतात, त्यात अशा गाड्या गावच्या रस्त्यांवर सर्रास दिसतात. आपल्याकडे शेतीच्या वाहनाला अशी सूट खरोखर आहे का, आणि असल्यास ती कोणत्या कलमात आहे, हे जाणकारांनी सांगावे. ट्रॅक्टर नाही का शेतातून रस्त्यावर येत, असा माझा साधा प्रश्न आहे.

निवृत्त लिपिक, परभणी

आपल्या प्रश्नातच एक चुकीची समजूत दडलेली आहे, आणि ती फक्त आपली नाही. परिवहन विभागात नोकरीचा बराच काळ मी नोंदणीच्या टेबलावर काढला. ‘साहेब, शेतीचे आहे, याला कशाला पासिंग?’ हे वाक्य तिथे दिवसातून निदान एकदा तरी ऐकायला मिळे.

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम २, खंड २८ मध्ये मोटार वाहनाची व्याख्या आहे. रस्त्यावर वापरण्याजोगे असलेले, यांत्रिक शक्तीने चालणारे कोणतेही वाहन तिच्यात येते, आणि ट्रेलर, म्हणजे मागे जोडायची ट्रॉलीही येते. बाहेर राहतात ती थोडीच: रुळांवर धावणारी वाहने, केवळ कारखान्यात किंवा अन्य बंदिस्त आवारात वापरण्यासाठीच बनवलेली विशेष प्रकारची वाहने, आणि चारपेक्षा कमी चाके असून इंजिन २५ सीसीपेक्षा मोठे नसलेली वाहने. आपल्या गाडीला चाके चार आहेत आणि इंजिन त्या मर्यादेच्या दहापट आहे, त्यामुळे शेवटची सवलत लागू होण्याचा प्रश्नच येत नाही. ‘शेतीसाठी वापरले जाणारे’ असा शब्दप्रयोग या अपवादांत कुठेही नाही.

ट्रॅक्टर रस्त्यावर येतो तो सूट आहे म्हणून येत नाही, तर त्याची नोंदणी झालेली असते म्हणून येतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये कृषी ट्रॅक्टरची स्वतंत्र व्याख्या आहे आणि त्याला परिवहनेतर वाहन मानले आहे. त्यामुळे त्याची नोंदणी ट्रकच्या नव्हे, तर खासगी मोटारीच्या पठडीतली असते: पंधरा वर्षांची मुदत आणि पुढे पाच-पाच वर्षांचे नूतनीकरण. गोंधळ होतो तो कर आणि नोंदणी या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे. वाहनांवरील कर हा संविधानाच्या राज्यसूचीतला विषय आहे (नोंद क्रमांक ५७), म्हणून करात कोणाला किती सवलत द्यायची हे राज्य ठरवते. नोंदणीची सक्ती मात्र केंद्राच्या कायद्यातल्या कलम ३९ मधून येते, आणि करात सूट मिळाली म्हणून नंबरातूनही सुटका झाली असे होत नाही.

आता आपल्या मेहुण्यांच्या व्हिडिओंविषयी. अमेरिकेत हे नियम राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियाचेच घ्या. तेथे रस्त्याबाहेर चालणाऱ्या अशा गाड्यांना वेगळी ओळखपट्टी घ्यावी लागते. त्या रस्त्यावरून चालवता येत नाहीत, पण पूर्ण थांबून, वाहतूक पाहून, साधारण काटकोनात रस्ता ओलांडण्याची मुभा असते. शिवाय केवळ शेतीकामासाठी वापरले जाणारे आणि प्रसंगवशात रस्त्यावर येणारे अवजार तेथे नोंदणीतून वगळलेले आहे. आपल्याकडे हा ‘प्रसंगवशात’ आढळतो तो बांधकाम यंत्रांच्या व्याख्येत, म्हणजे जेसीबी, लोडर, रोलर वगैरेंच्या बाबतीत: रस्त्यावर चालणे हे त्यांच्या मुख्य कामाला आनुषंगिक, थोड्या वेळापुरते आणि ताशी ५० किलोमीटरच्या आतले असावे. गंमत अशी, की एवढे म्हणूनही त्या यंत्रांना नंबर घ्यावाच लागतो, म्हणूनच आपल्याला प्रत्येक जेसीबीच्या मागे नंबर रंगवलेला दिसतो. तेव्हा तिकडे जो शब्द सूट देतो तोच इकडे केवळ वाहनाचा वर्ग ठरवतो. रस्ता नुसता ओलांडण्याची परवानगी देणारे कलमही आपल्या कायद्यात नाही, आणि आपण तर सव्वा किलोमीटर त्या रस्त्यानेच जात आहात.

बालाघाटचा वारा

एवढे घाबरवू नका हो लिपिकसाहेब. आमच्या भागात बिननंबरी ट्रॉल्या, ट्रॅक्टरमागे जोडलेली जुगाडे, जुन्या डिझेल इंजिनावर बनवलेल्या गाड्या रात्रंदिवस चालतात आणि कोणी विचारत नाही. खेड्यातला रस्ता म्हणजे काही मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग नव्हे. कायदा सगळ्यांना माहीत आहे, पण व्यवहार नावाची काही गोष्ट असते की नाही?

ऊस वाहतूकदार, केज

बालाघाटच्या भाऊंचा मुद्दा मीही बरीच वर्षे असाच मांडत होतो, म्हणून त्यांना उत्तर देण्याचा थोडा अधिकार मला आहे असे वाटते.

माझे दोन ट्रॅक्टर आहेत. दसरा झाला की ऊसतोड मजुरांची टोळी घेऊन आम्ही कारखान्याकडे निघतो, आणि एका हेडमागे, म्हणजे ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे, दोन ट्रॉल्या असतात. हेडची कागदपत्रे माझ्याकडे नेहमी चोख असायची: आर.सी., विमा, चालकाचे लायसन, सगळे एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून सीटखाली ठेवलेले. ट्रॉल्या मात्र गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात वजनावर बनवून घेतलेल्या होत्या आणि त्यांच्या फळीवर मी हेडचाच नंबर पिवळ्या रंगाने काढून घेतला होता. पोलिसांनी नंबर पाहावा एवढाच त्याचा उपयोग.

चार हंगामांपूर्वी धारूरच्या घाटाखाली मागच्या ट्रॉलीचा टायर फुटला. चालकाने ती रस्त्याच्या कडेला सोडली, मागे बाभळीची फांदी टाकली आणि पुढची ट्रॉली रिकामी करायला गेला. परावर्तक पट्टी कधीकाळी लावलेली होती, पण उसाच्या पाल्याने आणि चिखलाने तिचा तुकडाही दिसत नव्हता. पहाटे साडेचारला एक दुचाकी येऊन त्या ट्रॉलीवर आदळली. मागे बसलेला मुलगा वाचला, चालवणारा गेला. तो माझ्याच मामाच्या गावचा होता.

विमा कंपनीने पहिल्याच तारखेला लेखी म्हणणे दिले, की आमची पॉलिसी ट्रॅक्टरच्या हेडची आहे, ट्रॉलीचा हप्ता भरलेला नाही आणि या ट्रॉलीची नोंदणीच नाही. प्रकरण अजून चालू आहे, त्यामुळे जास्त लिहीत नाही. व्यवहार नावाची गोष्ट असते, हे खरेच आहे. फक्त तो व्यवहार रस्ता मोकळा असेपर्यंतच चालतो, हे त्या पहाटे मला कळले.

जुगाडाचे म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये राजस्थान राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या प्रकरणात जुगाड हेही मोटार वाहनच आहे असे स्पष्ट केले आहे. हे मला माझ्या वकिलांनी दाखवले. तोपर्यंत मलाही वाटत होते, की कंपनीने बनवले नाही ते वाहनच नव्हे.

एक वकील, लातूर

केजच्या दादांनी जे सोसले ते लिहून ठेवले, हे फार बरे झाले, कारण अशा चर्चांत लोक दंडाच्या रकमेवर अडतात आणि खरा धोका बाजूलाच राहतो. दंड तसा किरकोळ आहे. नोंदणीविना वाहन चालवल्यास कलम १९२ खाली पहिल्या वेळी दोन ते पाच हजार रुपये, विमा नसल्यास कलम १९६ खाली पहिल्या वेळी दोन हजार रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि कलम २०७ खाली वाहन ताब्यात घेण्याचा अधिकार. अंमलदारांनी उचलून नेण्याची भाषा केली ती या शेवटच्या कलमाच्या आधारावर.

नुकसानभरपाई हा मात्र वेगळा हिशेब आहे. महिन्याला पंधरा हजार रुपये कमावणारा, स्वतःचा छोटा धंदा असलेला अठ्ठावीस वर्षांचा माणूस आपल्या क्वाड बाइकच्या धडकेत दगावला आणि त्याच्यावर चार जण अवलंबून आहेत, असे समजा. वर्षाचे उत्पन्न १,८०,०००. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे भविष्यातील वाढीपोटी चाळीस टक्के मिळवले की २,५२,०००. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की १,८९,०००. सरला वर्मा निकालातील तक्त्याप्रमाणे या वयाला १७ चा गुणक लागतो, म्हणजे ३२,१३,००० रुपये, आणि अंत्यविधी वगैरे ठरावीक रकमा वर. वाहनाचा विमा असता तर मृत्यूच्या बाबतीत त्रयस्थ व्यक्तीची ही जबाबदारी विमा कंपनीने उचलली असती. नोंदणी नसलेल्या वाहनाचा असा विमा निघत नाही, म्हणून ही रक्कम मालकाकडून, म्हणजे प्रसंगी त्याच्या सातबाऱ्यावरून वसूल होते. खुलताबादचा रस्ता श्रावणातल्या शनिवारी कसा असतो हे मी सांगायला नको. भद्रा मारुतीला पायी निघालेली माणसे रात्रभर त्या वाटेवर असतात, आणि अंधारात आपली गाडी त्यांच्या मधून जाणार.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्याकडे कोणाचे लक्ष गेलेले नाही. रस्ता टाळला आणि गाडी कुंपणाच्या आतच फिरवली, तर आपण पूर्ण सुटलो असे गृहीत धरू नका. कलम ३९ ची भाषा ‘सार्वजनिक ठिकाणी किंवा अन्य कोणत्याही ठिकाणी’ अशी रुंद आहे. बंदिस्त आवाराचा अपवाद आहे, पण तो ‘केवळ’ अशा आवारासाठीच बनवलेल्या विशेष प्रकारच्या वाहनापुरता आहे. त्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८८ मध्ये, जुन्या कायद्याखालील एका अपघात प्रकरणात, जागा खासगी मालकीची असली तरी तेथे लोकांना मुक्त किंवा नियंत्रित प्रवेश असेल तर ती सार्वजनिक जागा ठरू शकते, असा अर्थ लावलेला आहे. आपले शेत हे तिकीट काढून येणाऱ्या पाहुण्यांसाठी खुले केंद्र आहे. फाटक लावले म्हणून ते बंदिस्त आवार ठरेलच असे मी माझ्या अशिलाला तरी सांगणार नाही.

दुसऱ्या बाजूचेही सांगतो, म्हणजे एकतर्फी होणार नाही. बोलानी ओअर्स या १९७४ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खाणीच्या आवारातच फिरणाऱ्या डंपरांना कर लागणार नाही असे म्हटले होते, आणि कंपन्या या निकालाचा आधार नेहमी घेतात. पण त्याच निकालात ते डंपर नोंदणीयोग्य असल्याचेही म्हटलेले आहे, हे वाक्य लोक सोयीने गाळतात. कर आणि नोंदणी वेगळे, हा परभणीच्या साहेबांचा मुद्दा तेथेही तसाच दिसतो.

जाता जाता, पाहुण्यांच्या मुलांच्या हाती ही गाडी देत असाल तर आजच थांबवा. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९अ खाली अल्पवयीनाने वाहन चालवल्यास पालक किंवा मालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

वेरूळ परिसर (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार, आणि केजच्या दादांचे विशेष. मुलांच्या हाती गाडी देत होतो, हे कबूल करतो. तेरा-चौदा वर्षांची मुले हट्ट करतात आणि आई-वडील मोबाईल काढून उभे राहतात, मग नाही म्हणणे जड जाते. ते आजपासून बंद केले.

आता एक विचारतो. गाडीला हेडलाइट आहे. इंडिकेटर, आरसे, हॉर्न आणि मागचा दिवा बसवून घेतला आणि रीतसर अर्ज केला, तर तिला नंबर मिळू शकेल का? खर्च करायची तयारी आहे.

निवृत्त लिपिक, परभणी

दिवे बसवल्याने काम होणार नाही. नोंदणीसाठी आपण नमुना २० मध्ये अर्ज करता, त्यासोबत विक्रेत्याचे नमुना २१ मधील विक्री प्रमाणपत्र आणि उत्पादकाचे नमुना २२ मधील रस्तायोग्यतेचे प्रमाणपत्र लागते. उत्पादक हे प्रमाणपत्र तेव्हाच देऊ शकतो जेव्हा त्या मॉडेलची नमुन्याची गाडी नियम १२६ प्रमाणे एखाद्या मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासून मंजूर केलेली असते, उदाहरणार्थ पुण्याची एआरएआय, किंवा ट्रॅक्टरसारख्या यंत्रांसाठी मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्था. आपल्या पावतीवरचा तो शिक्का याचेच उत्तर आहे: या मॉडेलला अशी मंजुरी नाही, हे विकणाऱ्याला ठाऊक होते. चाचणी मॉडेलची होते, एकेका गाडीची नव्हे, त्यामुळे ग्राहकाने हौसेने बसवलेले आरसे तेथे काही बदलत नाहीत.

ट्रॅक्टरच्या वर्गात रीतसर मंजुरी घेतलेली अशा धाटणीची चारचाकी गाडी बाजारात येऊ शकते, आणि तशी मिळाली तर ती नंबरासह घ्यावी. घेताना जाहिरातीतला फोटो न पाहता नमुना २२ मागावा. तो दाखवता आला नाही तर पैसे खिशातच ठेवावेत. विजेवर चालणाऱ्या दुचाकींबाबतही हीच फसगत होते. नियमात सूट आहे ती पाव किलोवॉटपेक्षा कमी शक्तीच्या, ताशी पंचवीस किलोमीटरला मोटर बंद होणाऱ्या आणि बॅटरी सोडून साठ किलोच्या आतल्या सायकलवजा गाडीला, पण दुकानदार त्याच सबबीवर चाळीस-पन्नासच्या वेगाने पळणारी गाडी गळ्यात मारतो.

आपल्यापुरता मार्ग सरळ आहे. क्वाड बाइक रस्त्यावरून चालवत नेऊ नका, ट्रॉलीत किंवा पिकअपमध्ये चढवून न्या. तेव्हा ती वाहन म्हणून रस्त्यावर येत नाही, माल म्हणून येते. हॅंडब्रेक, चारही चाकांना पट्टे आणि मागचा फाळका बंद, एवढे मात्र पाहा. आणि पाहुण्यांना त्या ट्रॉलीत बसवू नका. त्यांना नोंदणी असलेल्या प्रवासी वाहनाने न्या, किंवा सव्वा किलोमीटर चालू द्या. शहरातून आलेल्या माणसांना सकाळी चालायला आवडते, असा माझा अनुभव आहे.

बालाघाटचा वारा

केजच्या दादा, मी जे लिहिले ते मागे घेतो. आमच्या दोन्ही ट्रॉल्यांवर हेडचाच नंबर आहे.

एक वकील, लातूर

परभणीच्या साहेबांच्या सल्ल्याला एक पुरवणी जोडतो. डोंगराकडच्या तुकड्यात गाडी फिरवायचीच असेल तर तो भाग पाहुण्यांच्या सर्वसाधारण वावरापासून वेगळा करा, चालवणारा प्रौढ आणि आपला नेमलेला माणूस असू द्या, आणि केंद्रासाठी सार्वजनिक दायित्वाचा वेगळा विमा मिळतो का, याची चौकशी करा. तो मोटार विम्याची जागा घेणार नाही, आणि त्या पॉलिसीत यांत्रिक वाहनांचा अपवाद घातलेला आहे का हे पान उलटून वाचल्याशिवाय सही करू नका.

वेरूळ परिसर (प्रश्नकर्ता)

काल संध्याकाळी दोन फळ्यांची उतरण करून क्वाड बाइक आमच्या ट्रॉलीत चढवून पाहिली. व्यवस्थित बसते, पुढच्या बाजूला वीतभर जागाही उरते. मग सहज ट्रॉलीच्या मागे गेलो आणि विळ्याच्या पात्याने चिखल खरवडला. एमएच २० पुढचे आकडे आमच्या ट्रॅक्टरचेच निघाले. ट्रॉली वडिलांनी बनवून घेतली होती, पावती घरात कुठेही सापडत नाही. उद्या सकाळी त्या फॅब्रिकेशनवाल्यांकडे जाऊन येतो. त्यांच्याकडे जुनी वही असेल तर दुसरी पावती मिळेल असे वाटते. मिळाली तर पुढे कोणत्या खिडकीवर उभे राहायचे, ते परभणीच्या साहेबांनी कृपया सांगावे.